किल्ली माझ्या हातात होती

गाडी शिट्टी घालायला लागली तेव्हा द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला की बोनेटखालून बारीक, लांबट आवाज यायचा, दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा. पाय उचलला की थांबायचा. मी पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये प्रयोगशाळेत काम करते. नाशिकहून रोज जाऊन-येऊन. हायवेवर ट्रकांच्या गर्दीत तो आवाज फारसा जाणवायचा नाही, आणि जाणवला तरी गाडी चालत होती. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवारी येणारा. एकदा मी फोन बोनेटपाशी धरून त्याला आवाज ऐकवला.

"टर्बोचा असेल," तो म्हणाला. "हंगाम संपला की दाखवू. तोवर जास्त पळवू नकोस."

मी पळवत नव्हतेच. चाळिशीत गाडी शिकलेली बाई किती पळवणार?

घरी आठवडाभर मी आणि आप्पा, म्हणजे माझे सासरे, असे दोघंच. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. आप्पांची सगळी नोकरी पेठ तालुक्यातल्या शाळांत गेली. निवृत्त होऊन नाशकात स्थिरावले तरी मन तिकडेच. त्यात मागच्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं, हातात काठी आली, आणि जाणं-येणं थांबलं. आमचं दोघांचं बोलणं मोजकं. चहा झाला का, गोळी घेतली का, पाणी आलं का. भांडण कधी नाही आणि गप्पाही नाहीत. मी गाडी चालवते हे त्यांना आवडतं की नाही, हेसुद्धा मला कधी कळलं नव्हतं. बसले की ते वरचं हॅंडल धरायचे आणि पोहोचेपर्यंत सोडायचे नाहीत.

शिमगा झाल्यावर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. मुलीचा साखरपुडा, सर आलेच पाहिजेत. आप्पा म्हणाले, "मी एसटीने जाऊन येतो." मी म्हटलं, "खुबा सांभाळत बसच्या पायऱ्या कशा चढणार? मी रजा टाकते." त्या दिवशी सकाळी ते माझ्या आधी तयार होऊन, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले होते.

जाताना काही झालं नाही. घाट उतरायचा होता, गाडीला जोर लावावा लागला नाही. साखरपुडा छान झाला. आप्पांना सगळ्यांनी मध्ये बसवलं, पाया पडले, कुणी कुणी आपल्या नातवंडांना पुढे केलं. निघताना त्या विद्यार्थ्याने डिकीत तांदळाचं पोतं, नागलीची गोणी आणि दोन भोपळे ठेवले.

"सर, सावळ घाटात हळू जा. लय वळणं हायेत," तो म्हणाला.

"चालवणारी ही आहे. तिला सांग," आप्पा म्हणाले आणि चक्क हसले. त्या हसण्याने मला इतकं बरं वाटलं की करंजाळी मागे टाकेपर्यंत मी त्याचाच विचार करत होते.

घाट सुरू झाला. दुपार उतरायला लागली होती, पण ऊन अजून कडक होतं, डोंगर करपून पिवळे पडलेले. भरलेली गाडी चढावर जड वाटत होती. मी पाय दाबला, शिट्टी सुरू झाली. यावेळी ती बारीक नव्हती. वाढत वाढत तिचा हंबरडा झाला, मग काहीतरी तुटल्यासारखा टक्‌ आवाज आला आणि शिट्टी एकदम थांबली. त्याबरोबर गाडीतला जीवच गेला. पाय पूर्ण खाली, आणि गाडी बैलगाडीसारखी सरकतेय.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"पिकअप गेला. बाजूला घेते."

मागे भाजीने भरलेली एक पिकअप व्हॅन होती. आरशात बघितलं तर ती दिसेना. आरसाभर निळसर पांढरा धूर. मला वाटलं, डोंगरात कुठे वणवा लागला असेल. मग कळलं की धूर आपल्याच गाडीचा आहे. मी घाबरून गाडी डावीकडे दाबली, इतकी की कठड्याला जवळजवळ चिकटली. ब्रेक दाबला, क्लच दाबला, गिअर काढला.

आणि इंजिन ओरडायला लागलं.

मी मुद्दाम ओरडायला म्हणतेय. ॲक्सिलरेटरवर पाय नव्हता. तरी आवाज चढत होता, थांबत नव्हता, कुणीतरी खाली बसून पेडल तळापर्यंत दाबून धरल्यासारखा. स्टिअरिंग थरथरत होतं, माझे दात एकमेकांवर आपटत होते. मी पेडलखाली चप्पल अडकली की काय म्हणून वाकून पाहिलं. काही नव्हतं.

"बंद कर!" आप्पा ओरडले. "अगं, बंद कर ना!"

मी किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे गेले. काटे सगळे शून्यावर पडले. पंख्याचा वारा थांबला. फक्त इंजिन थांबलं नाही. मला वाटलं, घाईत किल्ली नीट फिरली नाही. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद केली. मग ओढून बाहेरच काढली.

"बंद कर, बंद कर!"

"बंदच आहे आप्पा!" मी किल्ली त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "ही बघा!"

त्या क्षणाची भीती मला अजून नीट सांगता येत नाही. अपघाताची भीती मला ठाऊक होती, हायवेवर रोज थोडी थोडी वाटायची. ही तसली नव्हती. किल्ली माझ्या हातात, काटे शून्यावर, म्हणजे सगळ्या हिशेबाने गाडी बंद, आणि समोर ती अधिकच जोराने किंचाळतेय. आपण जे समजून चाललो होतो त्यातलं काहीच खरं नाही असं वाटलं. माझे हात हलके झाले, कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे.

धूर आता आत येत होता. जळक्या तेलाचा वास. मागच्या पिकअपचा ड्रायव्हर लांब उभा राहून दोन्ही हात हलवत होता. "मॅडम, बाहेर पडा! पेटली गाडी! बाहेर पडा!"

आप्पांनी त्यांचं दार उघडलं. ते वीतभर उघडलं आणि कठड्याला आपटून थांबलं. त्यांनी पुन्हा ढकललं, पुन्हा आपटलं. मी बघत होते. एखादा माणूस कोंडला गेला हे त्याला कळतं तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते मी फूटभर अंतरावरून पाहिलं. त्यांचा पट्टा लागलेला, काठी मागच्या सीटवर, आणि तो खुबा. माझ्या बाजूने त्यांना बाहेर पडायचं तर गिअरवरून पाय टाकायला हवा होता. ते त्यांना शक्य नव्हतं.

"तू उतर," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "तू पळ, पोरी."

मी दार उघडलं. सांगायला लाज नाही, माझा एक पाय रस्त्यावर टेकलासुद्धा होता. त्यांना ओढून काढायला उतरत होते की पळायला, हे मला आजही सांगता यायचं नाही. पण ब्रेकवरचा पाय सुटला तशी गाडी मागे सरकली. हँडब्रेक ओढलेला होता, पण त्या चढावर, त्या वजनाला तो पुरेना. मागे वळण होतं. मी धप्पकन आत बसले आणि ब्रेक दोन्ही पायांनी दाबला.

म्हणजे मला उतरता येत नव्हतं आणि त्यांनाही. इंजिनाचा आवाज आता इतका चढला होता की तो थांबेल तर फुटूनच थांबेल असं वाटत होतं. आप्पांचे ओठ हलत होते. मला वाटलं, ते देवाचं काही म्हणत असतील. देवाधर्माचं फारसं न करणारा माणूस. मी कान जवळ नेला. ते "आई, आई" म्हणत होते.

ते ऐकून मी इंजिनापेक्षा जास्त घाबरले. या घरात कुणीतरी मोठं आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

नंतर सगळ्यांनी मला विचारलं, तुला कसं सुचलं? सुचलं वगैरे काही नाही. गाडी शिकताना मी एका गोष्टीत पक्की होते, ती म्हणजे गाडी बंद पाडणं. सिग्नल सुटला की क्लच घाईत सोडायचा, गाडी हिसका देऊन मेलीच. शिकवणारे डोक्याला हात लावायचे. त्या दुपारी डोक्यात बाकी सगळं पांढरं झालं होतं आणि एवढंच उरलं होतं की गाडी बंद पाडायला किल्ली लागत नाही, मला किल्लीशिवाय जमतं. पण तसं करताना ती पुढे उसळली तर? समोर कठडा वळत होता आणि पलीकडे दरी. शिवाय क्लचसाठी ब्रेकवरचा एक पाय काढला की गाडी मागे सरकणार होती.

मी काचेतून त्या पिकअपवाल्याला ओरडून सांगितलं, "दगड लावा! मागच्या चाकाला दगड!" त्याला ऐकू गेलं नसावं, पण हात बघून कळलं. तो जागचा हलेना. घाबरला होता, आणि त्याला काय म्हणून नावं ठेवायची? मग एकदम वाकला, रस्त्याकडेचा एक मोठा दगड छातीशी धरला आणि धुरात पळत आला. दगड चाकामागे टाकला आणि तसाच परत पळाला.

मी क्लच दाबला. उसळी कमी बसावी म्हणून गिअर पाचव्यात टाकायला गेले तर तो जाईना, दात घासल्याचा भयंकर आवाज झाला. पुन्हा ढकलला. गेला. उजव्या पायाने ब्रेक जितका दाबता येईल तितका दाबला, कंबर सीटवरून उचलून. आणि डावा पाय क्लचवरून एकदम काढला.

गाडीने असा हिसका दिला की माझं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. ती पुढे उसळली, थरथरली, उग्र जळका वास आला. आवाज खाली आला, पण थांबला नाही, गुरगुरत राहिला. मी ब्रेकवर उभीच होते. मग एक मोठा धक्का बसला आणि इंजिन मेलं.

शांतता झाली तीसुद्धा मला घाबरवणारीच वाटली. खाली कुठेतरी तेल टपटपत होतं.

"बंद झाली?" आप्पांनी विचारलं.

"झाली."

"नक्की?"

मला नक्की सांगता येईना. किल्ली काढल्यावर चालू राहणारी गाडी मेल्यावर उठणार नाही, असं कशावरून? मी ब्रेकवरून पाय काढत नव्हते. शेवटी त्या पिकअपवाल्याने येऊन माझ्या खांद्याला हात लावला. "ताई, झाली बंद. सोडा आता." त्याने आणखी दोन दगड लावले. मग गाडी आम्ही धरून दगडांपर्यंत मागे सोडली, तिथे कठडा जरा लांब पडत होता, तेव्हा कुठे आप्पांचं दार पुरेसं उघडलं. ते बाहेर आले आणि कठड्यावर बसले. त्यांचा इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

विद्यार्थ्याला फोन केला. तो जीप घेऊन आला, त्याने आम्हाला घरी सोडलं. गाडी टोइंगच्या गाडीवर चढून आमच्या नेहमीच्या गॅरेजला गेली. नवऱ्याला फोनवर सांगताना मी शांत होते. तो म्हणाला, "तुम्ही दोघं धड आहात ना, मग झालं." फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात कुकर लावला. त्याने पहिली शिट्टी दिली तशी मी गॅस बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले. आप्पा आपल्या खोलीच्या दारात उभे होते. तेही उठले होते.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजला निघाले तर ते काठी घेऊन बाहेर आले. "मीही येतो. मला समजून घ्यायचंय," म्हणाले. आम्ही रिक्षाने गेलो.

गॅरेजचे मालक पन्नाशीचे, जरा भित्र्या स्वभावाचे गृहस्थ. बोलताना हातातलं फडकं सारखं पिळायचे. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली आणि सगळं ऐकून आधी मलाच विचारलं, "तुम्ही आत बसून होतात? एवढा वेळ?" मग म्हणाले, "आमच्याकडे मागे एक गाडी अशी धावली होती. उभ्या उभ्या. आम्ही सगळे रस्त्यावर पळालो. इंजिनाची बाजू फोडून पिस्टनचा रॉड बाहेर आला होता. मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं."

"पण डिझेल बंद असताना ती धावते कशी?" आप्पांनी विचारलं.

मालकांनी फडकं बाजूला ठेवलं. टर्बो म्हणजे एका दांडीवरचे दोन पंखे, त्यांनी सांगितलं. धुराच्या जोराने एक फिरतो, तो दुसऱ्याला फिरवतो, दुसरा इंजिनात हवा ढकलतो. ती दांडी फार वेगाने फिरते, म्हणून तिला इंजिनाचंच तेल सतत मिळावं लागतं. तेल कमी पडलं की दांडी झिजते, हलायला लागते, पंखा भिंतीला घासतो. ती शिट्टी म्हणजे तेच. शेवटी तेल अडवणारं सील फुटलं, आणि इंजिनाचं तेल हवेच्या वाटेने इंजिनातच शिरायला लागलं. "डिझेल इंजिनाला जळायला काहीतरी लागतं. तुम्ही डिझेल बंद केलंत. त्याला तेल मिळत होतं."

"स्वतःचंच," आप्पा म्हणाले.

"स्वतःचंच."

"मग इंजिन गेलं?"

हा प्रश्न मला विचारायचा होता आणि धीर होत नव्हता. गाडीशिवाय माझी नोकरी चालत नाही. पण नुसतं तेवढंच नव्हतं. आतून सगळं फुटलंय असं कुणी सांगितलं असतं तर ती दुपार किती जवळून गेली हे कळलं असतं, आणि मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

"टर्बो गेला म्हणजे इंजिन गेलं असं नसतं," मालक म्हणाले. "पुष्कळदा नुसता टर्बो बदलून भागतं. पण ही धावलीय. आणि तेल पीत धावलीय, म्हणजे खाली तेल किती उरलं होतं कोण जाणे. उघडल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

आमच्यासमोरच त्यांनी हवेचा मोठा पाइप सोडवला. त्यातून काळं तेल भळभळ बाहेर आलं, ट्रे भरला, दुसरा आणावा लागला. टर्बो काढून त्यांनी टेबलावर ठेवला. एवढीशी वस्तू, शहाळ्याएवढी. दांडी बोटाने हलवली तर खुळखुळ्यासारखी हलत होती. पंख्याची पाती वाकडी झाली होती आणि एक पातं अर्धं तुटलेलं होतं. मालकांनी ते बराच वेळ उजेडात धरलं.

"तुटका तुकडा कुठाय?" त्यांनी स्वतःलाच विचारल्यासारखं म्हटलं.

तो तुकडा ट्रेमध्ये नव्हता, पाइपातही नव्हता. हवेबरोबर तो पुढे गेला असेल तर सिलिंडरमध्ये शिरला असणार, आणि शिरला असेल तर पिस्टन, व्हॉल्व्ह, सगळं चेचून टाकलं असणार. मधे एक हवा गार करणारी जाळी असते, इंटरकूलर, तिथे अडकला असेल तर वाचलो. मालकांनी ती जाळी त्या दिवशी काढायला घेतली नाही. दुसऱ्याच्या गाडीचं काम हातात होतं. "उद्या बघू."

त्या रात्री मला झोप नव्हती. नखाएवढा धातूचा तुकडा डोळ्यांपुढे. सकाळी बसने पॅकहाऊसला गेले. द्राक्षांची गोडी तपासताना कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर सुरू झाला, रोज होतो तसाच, आणि माझ्या हातातली काचेची नळी खाली पडून फुटली. सोबतच्या बाईने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, झोप झाली नाही.

तुकडा इंटरकूलरमध्ये सापडला. मालकांचा फोन आधी मला नाही, आप्पांना आला. दोघांनी परस्पर नंबर घेतले होते, मला माहीतच नव्हतं. आप्पांनी मला कामावर फोन करून सांगितलं, "सापडला. जाळीत होता." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तोवर रडले नव्हते.

तरी खालचं उरलं होतं. शनिवारी नवरा आला, आम्ही तिघं गेलो. इंजेक्टरच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडून मालकांनी फोनच्या पडद्यावर एकेक सिलिंडर दाखवला. आम्ही तिघं डोकी एकत्र करून त्या काळ्या गुहेत बघत होतो. भिंती तेलकट, पण रेघ नव्हती. मग खालचं ऑइल चेंबर उतरवलं. तिथे झिजलेल्या धातूची चांदीसारखी चमक दिसली, तेलात मिसळलेली. मालकांचा चेहरा उतरला. क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्या मुख्य दांडीला फिरवतात तिची, बेअरिंगं एकेक काढून पाहिली. दोन चरली होती, तांबूस दिसत होती. तेल कमी पडायला लागलं होतं त्याची ती खूण. क्रँक मात्र गुळगुळीत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अजून थोडी धावती तर रॉड सुटला असता," ते म्हणाले. "मग मी तुम्हाला एवढंही दाखवू शकलो नसतो."

नवरा बाहेर जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "विकून टाकू ही गाडी."

"आधी दुरुस्त होऊ दे," आप्पा म्हणाले. "अशी कुणाच्या गळ्यात मारणार?"

बेअरिंगं नवी बसली. टर्बोला तेल नेणारी बारीक नळी काजळीने जवळजवळ बुजलेली निघाली. मालकांनी ती धुवून चालवली नाही, बदललीच. ती तशीच ठेवली असती तर नवा टर्बोही गेला असता, असं त्यांचं म्हणणं. सगळे पाइप, ती जाळी धुवून वाळवली. आणि मग चालू करायचा दिवस आला.

मालकांनी सगळ्यांना गाडीपासून दूर उभं केलं. हवा आत जाते त्या तोंडापाशी एक माणूस लाकडी फळी घेऊन थांबला. पुन्हा धावली तर ती तोंडावर दाबून धरायची, म्हणजे हवा तुटून इंजिन मरेल. "तुमच्याकडे तेव्हा हे असतं तर," कुणीतरी म्हणालं. मी भिंतीला टेकून उभी होते.

मालकांनी किल्ली फिरवली. इंजिन लागलं. आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट आला.

मी पळाले. खरंच पळाले, गॅरेजच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे. नवरा मागून हाका मारत होता. पलीकडच्या टपरीपाशी थांबून वळून पाहिलं तर आप्पा जागच्या जागी उभे, काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे मिटलेले. मालक ओरडून सांगत होते, "सायलेन्सरमधलं जुनं तेल जळतंय! घाबरू नका, जाईल!" फळीवाला फळी वर धरून तसाच. इंजिनाचा आवाज मात्र खालच्या खाली, संथ, चढत नव्हता. धूर विरळ होत गेला. मग बघता बघता गेला. मालकांनी किल्ली फिरवली आणि इंजिन लगेच, एका दमात, बंद झालं. तो आवाज बंद होणं इतकं सुंदर असू शकतं हे मला माहीत नव्हतं. मी त्यांना तिथूनच ओरडले, "पुन्हा एकदा करा!" त्यांनी पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं.

गाडी आम्ही विकली नाही. मी ती चालवते. पहिले काही आठवडे खिडक्या उघड्या टाकून, गाणी न लावता, आवाजाकडे कान लावून. तेल मोजायची पट्टी दर रविवारी काढून बघते. आधी ती कुठे असते हेही मला ठाऊक नव्हतं. हायवेची भीती ओसरली. घाटाची ओसरलेली नाही.

वैशाखात त्या मुलीचं लग्न होतं. गाडी नेऊ या असं आप्पाही म्हणाले नाहीत आणि मीही. आम्ही एसटीने निघालो. कंडक्टरने आणि मी मिळून त्यांना पायऱ्यांवरून वर घेतलं, खिडकीपाशी बसवलं. लग्न लागलं, जेवणं झाली, परतीची बस मिळाली. घाट लागला तसा ड्रायव्हरने गिअर खाली टाकला आणि बसचं इंजिन गरजलं. माझे हात आपोआप पुढच्या सीटच्या दांडीवर गेले. तोंडाने श्वास घेतेय हे मला उशिरा कळलं.

आप्पांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. "उतरायचं का? थांबवायला सांगतो."

"उतरून काय करणार आप्पा, घाटात?"

"बसू कठड्यावर. दुसरी गाडी येईल."

"तीही घाटच चढणार."

बस वळणावर कलली, बाहेर कठडा सरकत गेला. तो कुठला, आमचाच की दुसरा, मी बघितलं नाही. मग आप्पा म्हणाले, "मलाही भीती वाटतेय."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी दांडीवरचा एक हात सोडला आणि त्यांच्यापुढची दांडी धरली, त्यांच्या हाताशेजारी. बस चढत राहिली.